याचा धंदा काय होता? अ‍ॅबर्डीनशायरचे कॅसल, बागा आणि आईचे प्रश्न

आमची आई आयुष्यभर सहकारी बँकेत कर्जखात्यात होती, त्यामुळे तिला कुठलाही जुना वाडा दाखवा, राजवाडा दाखवा, ती छताकडे बघायच्या आधी विचारते, याचा धंदा काय होता? ताई आणि भाऊजी तेलाच्या नोकरीपायी बरीच वर्षं अ‍ॅबर्डीनला आहेत (तिथे भेटणारा प्रत्येक दुसरा मराठी माणूस तेलातला किंवा हॉस्पिटलमधला), आणि यंदा जुलैमधे आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा आम्ही एडिंबरा, स्काय, लॉक नेस हे सगळं सोडून फक्त अ‍ॅबर्डीनशायरचे कॅसल आणि बागा बघितल्या. लोकांनी वेड्यात काढलं. पण आईच्या त्या एका प्रश्नामुळे ही ट्रिप मला जेवढी समजली तेवढी आधीची कुठलीच समजली नव्हती.

आधी थोडं भूगोलाचं. पडीक धरून तीनशेच्या आसपास कॅसल या एका भागात आहेत म्हणे, रस्त्यावर तपकिरी पाट्या सतत दिसत राहतात, डावीकडे कॅसल, उजवीकडे कॅसल. पण राजगड, प्रतापगड डोक्यात ठेवून जाल तर पहिल्या अर्ध्या तासात हिरमोड होईल, कारण तटबंदी नाही, माची नाही, चढण तर नाहीच, गाडी पार्क केली की समोर हिरवळीवर उभा एक उंच अरुंद दगडी वाडा. टॉवर हाऊस म्हणतात. यातले बरेचसे १५५० ते १६५० च्या दरम्यान बांधलेले, म्हणजे लढाईपेक्षा शेजाऱ्याशी भांडण आणि गुरंचोर यांच्यापासून जपायचं आणि त्याहून जास्त म्हणजे मिरवायचं. तळाला जाड भिंती, दगडी कमानीचं स्वयंपाकघर आणि कोठार, खिडक्या अगदी बारक्या, त्याच्यावर मोठा दिवाणखाना, मग गोल जिन्याने वर वर झोपायच्या खोल्या, आणि एकदम वरती टोकदार छपरांचे छोटे बुरुज, कोरीव काम, गच्च्या. खाली लंगोट कसलेला पैलवान आणि डोक्यावर भरजरी पगडी असला प्रकार आहे सगळा.

क्रेगीवार हा त्यातला सगळ्यात फोटोजेनिक. गुलाबी आहे, खरंच गुलाबी, चुन्यात बारीक खडी कालवून ती भिंतीवर फेकून मारतात तसला गिलावा आहे आणि तो सगळाच्या सगळा गुलाबी. डिस्नेने आपला कॅसल यावरून घेतला असं सांगतात, पण हे युरोपातल्या प्रत्येक टोकदार बुरुजाबद्दल सांगतात त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. आत आपलं आपण फिरता येत नाही, गाईडबरोबरच जायचं, आणि आईने पायरीवर पाय ठेवायच्या आधीच तिला विचारलं (मी भाषांतर केलं, जरा लाजत), की याचा धंदा काय होता. गाईड बाई इतकी खूष झाली! म्हणाली, हा जमीनदार नव्हताच मुळी, व्यापारी होता. विल्यम फोर्ब्स, टोपणनाव डान्झिग विली, कारण डान्झिगशी म्हणजे आत्ताच्या पोलंडमधल्या गदान्स्कशी त्याचा व्यापार चालायचा. आधीच्या मॉर्टिमर घराण्याने हा टॉवर बांधायला काढला आणि त्यांचे पैसे संपले, मग १६१० मधे या विलीने अर्धवट कामासकट जागा घेतली आणि १६२६ मधे पूर्ण केली. आईने मान डोलावली, "म्हणजे थकीत कर्जात गेलेली मालमत्ता स्वस्तात उचलली." कर्जाचं मला माहीत नाही, पण दिवाणखान्यात शेकोटीवर राजाचं एवढं मोठं राजचिन्ह प्लास्टरमधे काढून घेतलंय ना, ते बघितलं की कळतं की हा नवीन पैसेवाला आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या मिनिटात कळावं अशी त्याची इच्छा आहे.

क्रेगीवारची मला आवडलेली गोष्ट म्हणजे वरच्या मजल्यांवर विजेचे दिवेच नाहीत. १९६३ पर्यंत इथे घराण्यातले लोक येऊन राहत होते, मग जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे दिलं, आणि खोल्या तशाच ठेवल्यात. त्यामुळे ढग आला की खोली अंधारते, ऊन आलं की छताच्या प्लास्टरमधले चेहरे एकेक करून वर येतात, आणि गाईड बोलता बोलता थांबून खिडकीकडे बघते. जिन्यात एका ढालीवर जुन्या स्कॉट्स स्पेलिंगमधे कोरलंय, झोपलेल्या कुत्र्यांना उठवू नका. दाराला लोखंडी गजांचं एक जाळीदार फाटक आहे, त्याला येट म्हणतात, आणि असलं फाटक बसवायला त्या काळी राजाची परवानगी लागायची. आईचं लक्ष मात्र धुळीवर. एवढं पुसतं कोण? तर माणसं आहेत त्यासाठी, मऊ ब्रशने, आणि हिवाळ्यात बरीच घरं बंद करून फर्निचरवर चादरी टाकून ठेवतात, पडदेसुद्धा अर्धे ओढलेले असतात कारण उन्हाने कापड विरतं. जायच्या आधी वेबसाईट बघूनच जा, कधी कुठलं उघडं असेल याचा नेम नाही.

क्रॅथिस हे बँकरी गावाजवळ, डी नदीच्या खोऱ्यात, अ‍ॅबर्डीनहून सगळ्यात सोपं, बससुद्धा जाते. इथलं बर्नेट घराणं म्हणजे खानदानी. रॉबर्ट द ब्रूस राजाने १३२३ मधे जमीन दिली आणि त्याची खूण म्हणून दिलेलं हस्तिदंती शिंग दिवाणखान्यात अजून दाखवतात. आई म्हणाली हा इनामदार, याला धंदा लागत नाही. टॉवर १५५३ ला सुरू केला आणि १५९६ ला संपला, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटबद्दल मी आता काही बोलणार नाही. आतली रंगवलेली लाकडी छतं मात्र चुकवू नका. तुळयांवर आणि मधल्या फळ्यांवर माणसं, वेली आणि उपदेशाच्या ओळी, एका खोलीत नऊ शूरवीर ज्यात हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, किंग आर्थर सगळे ओळीने बसलेत आणि सगळ्यांचे कपडे मात्र स्कॉटलंडच्या त्या काळच्या फॅशनचे, आणि दुसऱ्या खोलीत नऊ कलादेवी. मान दुखते पण बघा. एका खोलीत हिरव्या साडीतली, सॉरी, हिरव्या झग्यातली बाई बाळ घेऊन फिरते म्हणतात. इथल्या प्रत्येक कॅसलला एक भूत आहे आणि निम्म्यांचा रंग हिरवा आहे, याच्यावर कोणीतरी पीएचडी करायला पाहिजे.

पण क्रॅथिसला जायचं ते बागेसाठी. कॅसल दीड तासात होतो, बागेत आम्ही जवळजवळ हाकलून देईपर्यंत होतो. भिंतीच्या आतली साधारण पावणेचार एकराची बाग, उतारावर, आणि तिचे आठ तुकडे केलेत मोठमोठ्या कुंपणांनी. ही कुंपणं यू नावाच्या झाडाची, १७०२ मधे लावलेली, आणि आता ती कुंपणं राहिली नाहीयेत, हिरव्या भिंती झाल्यात, पुरुषभर जाड आणि वरती गोल गरगरीत आकार कापलेले. जवळ जाऊन हात लावला तर आत सगळं सुकं काटक्यांचं जाळं आणि हिरवा थर फक्त वरचा चार बोटांचा, आणि तेवढाच थर कापत कापत तीनशे वर्षं माळी पिढ्यांनी तो आकार टिकवलाय. आतली फुलांची रचना मात्र विसाव्या शतकातली, सर जेम्स बर्नेट आणि त्यांच्या बायकोची, लेडी सिबिलची. नवऱ्याला दुर्मीळ झाडंझुडपं जमवायचा नाद आणि बायकोला रंगांचं वेड, म्हणून एक तुकडा नुसता पिवळ्या-सोनेरी पानांचा, एक पट्टा पांढऱ्या फुलांचा, एक निळ्याचा. सोनेरी बाग तिच्या मृत्यूनंतर तिच्या आठवणीत केली. तिथे ऊन नसतानाही ऊन पडल्यासारखं वाटतं, हे मी फोटोत पकडायचा प्रयत्न केला आणि सगळे फोटो कावीळ झाल्यासारखे आले.

आणि एक गोष्ट, आपल्याकडचे लोक म्हणतात स्कॉटलंडमधे थंडी फार, फुलं काय असणार. उलट आहे. उन्हाळा थंड आणि ओला असल्यामुळे फूल आठवडाभर तसंच राहतं, कोमेजत नाही, आणि जूनमधे रात्री साडेदहापर्यंत उजेड, त्यामुळे झाडं अशी वाढतात की विचारू नका. हिमालयातला निळा पॉपी इंग्लंडच्या दक्षिणेत कुढतो आणि स्कॉटलंडमधे फोफावतो. आमच्या जुलैपर्यंत तो संपत आला होता, एकच पाकळ्या गळालेलं फूल मिळालं, तरी तो निळा रंग!

ड्रम कॅसल क्रॅथिसपासून दहा-पंधरा मिनिटांवर. गंमत म्हणजे यालाही जमीन त्याच राजाने त्याच १३२३ सालात दिली, अर्विन घराण्याला, आणि त्यांच्याकडे तो १९७० च्या दशकापर्यंत होता, साडेसहाशे वर्षं एका घरात. तेराव्या शतकातला मूळ टॉवर आहे, भिंती खाली बारा-बारा फूट जाड, आणि त्याला चिकटून १६१९ चा वाडा. पण इथे जुलैत जायचं कारण वेगळं, गुलाब. भिंतीतली बाग चार चौकोनांत वाटलीय, सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाची, प्रत्येक चौकोनात त्या त्या काळचे गुलाब आणि त्या त्या काळची आखणी. जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलतात, दोन-तीन आठवडे, आणि संपलं. त्यामुळे ऑगस्टअखेरीला गेलात तर सतराव्या शतकात नुसती पानं. वास मात्र जुन्यांनाच. आईने चारही शतकांतली फुलं हुंगली आणि निकाल दिला की गुलाबाला दिखाऊपणा विसाव्या शतकात आला.

फायवी कॅसलला आईच्या प्रश्नाचं उत्तर पाचदा मिळतं. पाच बुरुज आणि पाच घराणी, प्रेस्टन, मेल्ड्रम, सीटन, गॉर्डन, लीथ, आणि प्रत्येकाने एकेक बुरुज वाढवला असं सांगतात. बघण्यासारखा आहे तो सीटनांचा जिना, चाकासारखा फिरत जाणारा आणि इतका रुंद की पैजेवर घोडा वर नेला होता म्हणे. याच सीटनची पहिली बायको लिलियस ड्रमंड १६०१ मधे गेली आणि त्याच वर्षी याने दुसरं लग्न केलं, आणि लग्नाच्या रात्री बाहेरून उसासे ऐकू आले आणि सकाळी खिडकीच्या बाहेरच्या दगडी उंबऱ्यावर तिचं नाव कोरलेलं सापडलं. नाव खरंच आहे, वाचता येतं, खोल स्वच्छ अक्षरं, जमिनीपासून इतक्या उंचावर की परांची बांधल्याशिवाय कोरणं अवघड. भूत सोडा, पण कोणीतरी मेहनत घेऊन त्या माणसाला ते वाचायला लावलंय एवढं नक्की. शेवटच्या घराण्यातला अलेक्झांडर लीथ, याने अमेरिकेत पोलादात पैसा केला आणि १८८९ मधे फायवी विकत घेतला, आणि मग भिंती भरल्या चित्रांनी, हेन्री रेबर्नची व्यक्तिचित्रं इतकी आहेत की म्युझियमला हेवा वाटावा. आई: "पोलाद, अमेरिका. बरोबर. हे कार्पेट जमिनीच्या खंडातून येत नाही."

बाकीचे भराभर सांगते. कॅसल फ्रेझरला दिवाणखान्याच्या वर मालकाने पाहुण्यांचं बोलणं चोरून ऐकायला केलेली भिंतीतली कपार आहे आणि एका फ्रेझरचा लाकडी पाय ठेवलाय, खरा पाय १८१२ मधे स्पेनच्या लढाईत गेला. हॅडो हाऊस हे कॅसल नाहीच, अठराव्या शतकातलं शिस्तीतलं मोठं घर, क्रिमियन युद्धाच्या वेळी पंतप्रधान असलेल्या लॉर्ड अ‍ॅबर्डीनचं, मला जरा सरकारी रेस्ट हाऊससारखं वाटलं, झाडं मात्र सुंदर. बाल्मोरल राजघराण्याचं म्हणून सगळे धावतात, १८५६ ला पूर्ण झालेलं आहे, शेजारच्या खऱ्या सोळाव्या शतकातल्या वाड्यांची नक्कल, आवार चांगलं, तिकीट महाग, आमच्या मते नाही बघितलं तरी चालेल. टोहून पडीक आहे, छप्पर नाही, पण दरवाज्याशेजारी मालकाने लावलेली पाटी आहे की जुना बुरुज सोडून हे सगळं काम विल्यम फोर्ब्सने १५ एप्रिल १५८४ ला सुरू केलं आणि २० ऑक्टोबर १५८९ ला संपवलं. (हा वेगळा फोर्ब्स. इथे दगड उचलला की खाली फोर्ब्स.) कामाची सुरुवात आणि समाप्ती तारखेसकट दगडावर! रस्त्याच्या कंत्राटदारांना ही सहल सक्तीची करावी.

तटबंदी आणि कडा पाहिजेच असेल तर स्टोनहेवनजवळचं डनॉटर. ते एकच आपल्या माणसाला किल्ला वाटेल असं, तिन्ही बाजूंनी समुद्र, दीडशे फुटांवर कडा, खाली उतरून परत चढून जावं लागतं, आईने वरूनच नमस्कार केला. स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यापासून लपवायला इथे ठेवली होती, १६५१-५२ च्या हिवाळ्यात वेढा पडला, आणि शेवटी किल्ला पडला तेव्हा आत वस्तू नव्हत्याच. जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको क्रिस्चन फ्लेचर, तिने त्या बाहेर काढल्या. एक हकीकत अशी की मुकुट झग्याखाली लपवून ती वेढा घालणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर पडली, दुसरी अशी की कड्यावरून दोरीने खाली सोडल्या आणि खाली समुद्रशेवाळ गोळा करायच्या बहाण्याने बाई उभी होती. चर्चच्या जमिनीखाली पुरून ठेवल्या त्या १६६० पर्यंत.

पिटमेडनवर मात्र रेंगाळणार. तिथे कॅसल नाही, बागच आहे, आणि दारावर तारीख आहे, २ मे १६७५. मूळ घर १८१८ ला जळालं, आराखडे गेले, नंतर त्या जागेवर भाजी लावत होते, आणि १९५० च्या दशकात ट्रस्टने बाग नव्याने उभी केली. आराखडे नसताना कशी? तर १६४७ च्या एडिंबराच्या एका नकाशाचित्रात होलीरूड राजवाड्याच्या बागा काढलेल्या होत्या, त्यावरून तीन चौक आखले आणि चौथ्यात मालकाचं कुलचिन्ह. म्हणजे जुनी म्हणून बघताय ती माझ्या आईपेक्षा थोडीच मोठी आहे, आणि ट्रस्ट ते सरळ सांगतो. बाग खोलगट आहे, वरच्या गच्चीवरून उभं राहून खाली बघायची, गुडघ्याच्याही खाली येणारी बॉक्स नावाच्या झुडपाची कुंपणं रांगोळीसारखी वळवलेली आणि मधे फुलं आणि रंगीत खडी, आणि लॅटिन अक्षरंसुद्धा झुडपांची. आता या बॉक्सवर बुरशीचा रोग आलाय, ब्रिटनभर आलाय, पानं तपकिरी पडून झडतात, त्यामुळे जुने भाग काढून वेगळी लागवड चाललीय, वरच्या बाजूला तर नव्या पद्धतीची मोकळी लागवड. काही लोकांना ते आवडत नाही, परंपरा गेली म्हणतात. मला वाटतं १९५० ची परंपरा बदलली तर आभाळ कोसळत नाही. भिंतीला सपाट चिकटवून वाढवलेली सफरचंदाची झाडं आहेत, फांद्या दोन्हीकडे हात पसरल्यासारख्या, आई प्रत्येकाची गाठ कुठे बांधलीय ते बघत बघत अख्खी भिंत चालली. शेजारी जुन्या शेतीच्या अवजारांचं म्युझियम आहे ते बंद होत होतं, आणि स्कोन (चहाबरोबर खायचे छोटे गोडसर पाव) संपले होते. स्कोन दुपारी दोनच्या आत खावेत, हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात धक्का देणारा फोर्ब्स. डॉन नदीच्या वरच्या अंगाला स्ट्रॅथडॉन म्हणून खोरं आहे, तिथला जॉन फोर्ब्स मुंबईला आला आणि १७६७ मधे त्याने पेढी काढली, कापसाची. तीच आपली फोर्ब्स कंपनी, फोर्टमधला एकेकाळचा फोर्ब्स स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. त्याच घराण्यातला सर चार्ल्स फोर्ब्स मुंबईत पैसा करून परत गेला आणि १८३१ च्या सुमाराला स्ट्रॅथडॉनमधे कॅसल न्यू बांधला, त्याच्याही आधी १८२३ मधे तिथली लोनॅक सोसायटी काढली. ऑगस्टच्या शेवटाकडे अजून लोनॅकचा मेळावा भरतो, किल्ट घातलेले, भाले घेतलेले लोक मैलोनमैल चालत घरोघरी थांबून व्हिस्की घेत मैदानावर येतात, मागून घोडागाडी असते ज्यांना पुढे चालवत नाही त्यांच्यासाठी. आणि याच चार्ल्स फोर्ब्सचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमधे, एशियाटिक लायब्ररीत उभा आहे, चँट्री नावाच्या शिल्पकाराने केलेला. मी कॉलेजात असताना त्याच्या बाजूने कितीदा जिना चढले असेन. आई म्हणाली, "हां, आता बरोबर. कापूस आपला, वाडा त्यांचा."

कॅसल न्यू बघायला जाऊ नका, १९२७ मधे पाडला. दगड मात्र अ‍ॅबर्डीन युनिव्हर्सिटीत आहेत, त्यातून तिथला एल्फिन्स्टन हॉल बांधला (हा एल्फिन्स्टन आपला नाही, पंधराव्या शतकातला बिशप, युनिव्हर्सिटीचा संस्थापक). माझी भाची तिथेच शिकली, परीक्षा याच हॉलमधे दिल्या. मी तिला म्हणलं अगं मुंबईच्या कापसाच्या पैशातल्या भिंतींमधे बसून पेपर लिहिलेस तू आणि तुला माहीत नाही? तर म्हणते, मावशी, मला समोरचं स्टॅटिस्टिक्स येत नव्हतं, भिंती कोण बघतंय.